बाब क्रमांक तीन : निरंक

परिपत्रक सोमवारी आलं आणि हेडक्लार्कना ते मनापासून आवडलं. सत्तावीस वर्षांच्या नोकरीत परिपत्रक आवडण्याची ही पहिलीच वेळ. 'यापुढे शासकीय समारंभांत कोणत्याही धर्माची प्रार्थना, विधी अथवा आशीर्वचन होणार नाही,' एवढाच मजकूर होता.

आवडण्याचं कारण असं, की गावात प्रार्थनास्थळं तीन आणि तिन्हींचे धर्मगुरू तीन. एक टेकडीवरचे, एक नदीकाठचे आणि एक बाजारातले. नगरपालिकेने नळ बसवला तरी तिघांना बोलवावं लागे. प्रत्येकी दोन मिनिटं. आधी कोण, मग कोण, याची पाळी फिरती, आणि त्या पाळीची नोंदवही हेडक्लार्ककडे. मागच्या रस्त्याच्या उद्घाटनात नदीकाठच्यांनी अडीच मिनिटं घेतली होती. ते अर्धं मिनिट टेकडीवरच्यांनी पुढच्या समारंभात मागून घेतलं, आणि बाजारातले "मग आमचं काय घोडं मारलंय?" म्हणून दीड महिना रुसून बसले होते. हेडक्लार्कनी त्या नोंदवहीला दोरी बांधली, गाठ मारली आणि ती कपाटाच्या सर्वांत वरच्या फळीवर ठेवली. सुटलो, असं ते मोठ्याने म्हणाले.

सुटले नव्हते. शुक्रवारी नव्या पंपघराचं उद्घाटन होतं आणि त्याची कार्यक्रमपत्रिका भरायची होती. ती नमुना अकरामध्ये भरतात. नमुना अकरा छापील. बाब एक, पाहुण्यांचं आगमन. बाब दोन, स्वागत. बाब तीन, प्रार्थना, सहा मिनिटं. असं करत करत बाब दहाला आभार, आणि तळाशी एकूण पंचेचाळीस मिनिटं, तीही छापील.

हेडक्लार्क कागद घेऊन साहेबांकडे गेले.

"साहेब, ही तीन नंबरची बाब."

"काढून टाका. परिपत्रक आलंय ना?"

"काढता येत नाही. नमुन्यात बदल करायचा अधिकार मुख्य कार्यालयाला."

"मग वरून एक रेघ मारा."

"खाडाखोड होते साहेब. खाडाखोड असली की नमुना रद्द. आणि सहा मिनिटं काढली तर बेरीज एकोणचाळीस येते. खाली छापलंय पंचेचाळीस."

साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले. "अहो, तुम्हाला अधीक्षक करायचा प्रस्ताव माझ्याच सहीने वर गेलाय. तुम्हीच मला असले प्रश्न विचारायला लागलात तर कसं व्हायचं? करा काहीतरी नियमात बसेल असं."

अधीक्षकाची खुर्ची आठ महिने रिकामी होती. त्या खुर्चीवर हेडक्लार्कचा जीव होता, आणि त्याहून जास्त त्यांच्या बायकोचा. तिच्या थोरल्या बहिणीचा नवरा, म्हणजे हेडक्लार्कचे साडू, मुख्य कार्यालयात कधीचे अधीक्षक झाले होते. दोघी बहिणींच्या फोनवर "आमच्या ह्यांची केबिन" हे शब्द किती वेळा येतात, याचा हिशोब बायकोकडे तोंडपाठ होता. प्रस्ताव गेल्याचं तिने बहिणीला त्याच संध्याकाळी कळवलं होतं. आता ऑर्डर आली नाही, तर तिला बहिणीचा फोन उचलता येणार नव्हता.

तेव्हा हेडक्लार्क जागेवर आले आणि त्यांनी नियमात बसेल असं केलं. जिथे माहिती नसते तिथे कचेरीत जे लिहितात, तेच त्यांनी बाब तीनसमोर लिहिलं. निरंक. वेळ, सहा मिनिटं. बेरीज जुळली.

*

समारंभाचं सूत्रसंचालन हेडक्लार्कच करत. कार्यक्रमपत्रिका जशी आहे तशी, बाब क्रमांकासह मोठ्याने वाचायची, ही त्यांची पद्धत. शुक्रवारी स्वागत झालं, आणि ते माइकवर म्हणाले, "बाब क्रमांक तीन. निरंक. सहा मिनिटं."

समोर दोनशे माणसं होती. तिसऱ्या बाबीला उभं राहायचं, हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं. सगळे उठून उभे राहिले. उठल्यावर काही ऐकू येईना, म्हणून पुढच्या रांगेतल्या नगराध्यक्षांनी मान खाली घातली. ते पाहून मागच्यांनी घातली. मग बहुतेकांनी डोळे मिटले. पंपघराबाहेरच्या त्या पटांगणात अशी शांतता पसरली, की हेडक्लार्कना आपल्याच मनगटावरचं घड्याळ ऐकू यायला लागलं. डोळे उघडे फक्त त्यांचेच. कुणीतरी वेळ बघायला हवी ना!

म्हणूनच त्यांना तो दिसला. पंपवाला. तोंडात स्क्रू धरून, हातात पेचकस घेऊन तो चवड्यांवर चालत पंपघरात शिरत होता. पंप तीनदा चाचणीत बंद पडला होता. 'पंप सुस्थितीत आहे' या दाखल्यावर मात्र हेडक्लार्कनी बुधवारीच सही घेऊन शिक्का मारून ठेवला होता, कारण नमुना अकराला तो दाखला जोडावा लागतो. पाचव्या मिनिटाला पंपवाला बाहेर आला आणि त्याने लांबूनच अंगठा वर केला.

"बाब क्रमांक तीन समाप्त," हेडक्लार्क म्हणाले. नगराध्यक्षांनी बटण दाबलं. पंप एका दमात सुरू झाला आणि पाण्याची धार अशी उसळली, की पहिल्या रांगेतले नगरसेवक चिंब झाले.

"बघितलंत?" नगराध्यक्ष रुमालाने तोंड पुसत म्हणाले. "तिघं तिघं येऊन आशीर्वाद द्यायचे, तेव्हा गेल्या खेपेचा पंप आठ दिवसांत जळला. आणि आज? काय ते तुमचं... निरंक! भलतंच गुणाचं निघालं!"

हेडक्लार्कच्या जिभेवर खरं कारण आलं होतं. पण ते सांगायचं म्हणजे तो दाखला खोटा होता हेही सांगावं लागणार. त्यांनी जीभ चावली आणि बाब चार वाचली.

संध्याकाळी पंपवाला कचेरीत हेडक्लार्कच्या टेबलाशी आला. "साहेब, एक वायर ढिली होती. महिनाभर तिला हात लावायला सवड मिळाली नव्हती. तेवढी सहा मिनिटं मिळाली बघा."

"कुणाला बोलू नकोस."

"मी कशाला बोलतोय? बायकोला सांगितलं तर म्हणाली, तुला वायर सापडली ती तरी कशामुळे?"

*

आठवडाभरात बाजारसमितीचं पत्र आलं. नव्या शेडचं उद्घाटन आहे, तरी 'निरंकसह' यावं. मग शाळेचं आलं. मग चक्क कुलूपवाल्याने दुकानाच्या दुसऱ्या शाखेसाठी तोंडी विचारलं. हेडक्लार्कनी खासगी कामाला नकार दिला, तर तो म्हणाला, "रविवारी या की. रविवारी तर तुम्ही सरकारी नसता."

मंगळवारी एक बाई टेबलासमोर येऊन बसल्या. मुलीचं लग्न जुळत नव्हतं.

"बाई, इथे जन्म-मृत्यूच्या नोंदी होतात. त्यांच्या मधलं काही आमच्याकडे नाही."

"ते निरंक करून द्या ना."

"अहो, निरंक म्हणजे काही नाही!"

"तेच हो," बाई पदर सावरत म्हणाल्या. "बाकी सगळं करून झालंय. टेकडीवर झालं, नदीवर झालं, बाजारातलंही झालं. काही नाही, तेवढंच राहिलंय."

हेडक्लार्कनी त्यांना पाणी दिलं आणि अर्ज करायला सांगितलं. अर्ज करायला सांगितलं की माणूस परत येत नाही, हा त्यांचा अनुभव. बाई दुसऱ्या दिवशी अर्ज घेऊन आल्या, सोबत मुलीचे दोन फोटो.

तोवर तिकडे आणखीच अघटित घडलं होतं. टेकडीवरचे, नदीकाठचे आणि बाजारातले, हे तिघे एका चटईवर बसले. तिघांचं एकमत झालं, आणि एकाच कागदावर तिघांच्या सह्या झाल्या. सही पहिली कुणाची, यावर दोन दिवस गेले. शेवटी त्यांनी सह्या गोलाकार केल्या. तक्रार सरळ मुख्य कार्यालयाकडे होती : 'धर्म दूर ठेवावा असं परिपत्रक असताना इथल्या नगरपालिकेने स्वतःचा चौथा काढला आहे. त्याचा विधी हेडक्लार्क करतात.'

साहेबांनी तक्रारीची प्रत वाचली आणि ती टेबलावरून अलगद पुढे सरकवली, जशी काही गरम आहे.

"चौकशी लागलीय. दोष तुमच्यावर ठरला, तर प्रस्ताव मागे घ्यावा लागेल. माझ्या हातात काही नाही."

"साहेब, पण मी तर काहीच केलं नाही!"

"तेच तर तक्रारीत आहे," साहेब म्हणाले. "की तुम्ही ते सहा मिनिटं करता. आणि चौकशी अधिकारी कोण येतोय ते वाचलंत का?"

हेडक्लार्कनी खालचं नाव वाचलं. मुख्य कार्यालयात अधीक्षक काय दोन-चारच होते. आले साडूच.

*

साडू गुरुवारी संध्याकाळी घरी उतरले. बूट काढता काढताच त्यांनी बजावलं, "हे बघा साडूभाऊ, घरात साडू, कचेरीत चौकशी अधिकारी. मिसळामिसळ नको."

"भाऊजी," हेडक्लार्कची बायको आतून म्हणाली, "मग चहा कुणाला देऊ? चौकशी अधिकाऱ्याला साखर कमी लागते का?"

"घरात साडू," साडू म्हणाले. "दोन चमचे."

चहा पिताना त्यांनी भिंती न्याहाळल्या. "तुमचं बरं आहे. कचेरी पायी पाच मिनिटांवर. मला जायला दोन तास, यायला दोन तास. नऊ वर्षं झाली. गाडीत झोपून झोपून मान वाकडी झाली. आमची ही तर म्हणते, एवढ्या वर्षांत तुमचा चेहरा मी उजेडात पाहिलाच नाही."

"मग बदली मागा की," हेडक्लार्क म्हणाले.

"मागितली. अकरा वेळा. कचेरीजवळ घर मिळेल अशा कुठल्याही गावी चालेल, म्हटलं. बदलीच्या अर्जाला कोण विचारतं?" साडूंनी कप खाली ठेवला. "बरं, उद्याचं बोलू. अभिलेख कक्षाचं उद्घाटन आहे ना? तिथे बाब तीन माझ्यासमोर होऊ दे. मी एक तक्ता करून आणलाय. पाच प्रश्न. एक, कोणत्या देवाचं नाव घेतलं का. दोन, हातांनी काही खुणा केल्या का. तीन, कुणाचे ओठ हलले का. चौथा आणि पाचवा मी आत्ता सांगत नाही."

"आणि एखाद्याचे हलले तर?"

"नावासकट लिहावं लागेल. एकाचे जरी हलले, तरी ती प्रार्थना. मग ती बाब धार्मिक, आणि ती लिहिणारा..." साडूंनी पुढचं वाक्य चहाबरोबर गिळलं. स्वयंपाकघरात भांडं जरा जोरात आपटलं.

रात्रभर हेडक्लार्कची बायको बहिणीच्या नवऱ्याला झोपेत उचक्या लागतील इतकं बोलली. "अहो, एवढे लोक तुमच्या त्या सहा मिनिटांत काय काय मागतात. तुम्ही काय मागितलंत हो मागच्या खेपेला?"

"मी? मी वेळ बघत होतो."

"धन्य तुमची!" ती म्हणाली आणि कूस बदलली.

*

अभिलेख कक्षासमोरच्या दालनात शुक्रवारी शंभरेक माणसं जमली. तिन्ही धर्मगुरू सामान्य नागरिक म्हणून आले होते आणि सर्वांत मागच्या रांगेत हाताची घडी घालून बसले होते. साडू पहिल्या रांगेत, मांडीवर तक्ता, हातात पेन्सिल.

"बाब क्रमांक तीन. निरंक. सहा मिनिटं."

सगळे उठले. तिघे धर्मगुरू उठले नाहीत, त्यांनी ओठ घट्ट मिटून छताकडे पाहायला सुरुवात केली. त्या सबंध दालनात त्या दिवशी देवाचं नाव न घेणारे बहुधा तेच तिघे होते. साहेबांचे डोळे मिटलेले. नगराध्यक्षांचे मिटलेले. लग्नाच्या मुलीची आई एका कडेला उभी होती, हातात अर्जाची पोच. पंपवाल्यानेसुद्धा डोळे मिटले होते. काय झालं होतं ते त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं, आणि तरी.

हेडक्लार्क घड्याळाकडे बघत आणि मधून समोर. पहिली दोन मिनिटं साडू ताठ उभे होते, एकेका चेहऱ्यावर नजर फिरवत. तिसऱ्या मिनिटाला पेन्सिल थांबली. शांतता अशी होती, की माणसाला स्वतःशीच बोलावंसं वाटावं. चौथ्या मिनिटाला साडूंच्या पापण्या जड झाल्या. हेडक्लार्कना वाटलं, झोप लागली, चार तासांचा प्रवास आहे बिचाऱ्याला. पण मग साडूंनी तक्ता छातीशी धरला, मान जराशी वर केली, आणि पाचव्या मिनिटाला त्यांचे ओठ हलू लागले. भराभरा हलले. घाईत असलेला माणूस खिडकीवर बोलतो, तसे. मागे बसलेल्या तिघांना फक्त त्यांची पाठ दिसत होती.

"बाब क्रमांक तीन समाप्त," हेडक्लार्क म्हणाले.

साडूंनी दचकून डोळे उघडले, आणि ते थेट हेडक्लार्कच्या उघड्या डोळ्यांत पडले.

चहा झाल्यावर दोघे नव्या कक्षात रिकाम्या मांडण्यांमध्ये उभे राहिले. साडूंनी तक्ता भरायला घेतला. पहिला प्रश्न, नाही. दुसरा, नाही. तिसऱ्यावर पेन्सिल टेकली आणि तिथेच राहिली.

"साडूभाऊ," ते हळूच म्हणाले.

"कचेरीत चौकशी अधिकारी," हेडक्लार्क म्हणाले.

"बरं, चौकशी अधिकारी विचारतोय. तुम्हाला काही दिसलं का?"

हेडक्लार्कनी मनातल्या मनात दोन्ही बाजू मांडून पाहिल्या. दिसलं म्हणावं, तर साडू अडकतात. पण ओठ हलले म्हणजे बाब धार्मिक, आणि बाब धार्मिक म्हणजे ती लिहिणाराही अडकतो. साडूला खड्ड्यात ढकलायचं, तर आधी स्वतः उडी मारायला हवी होती.

"मी घड्याळ बघत होतो," ते म्हणाले.

"उत्तम. सूत्रसंचालकाने तेच करायचं असतं." साडूंनी तिसऱ्या प्रश्नासमोर ठळक 'नाही' लिहिलं, आणि त्यानंतर चौथ्या-पाचव्याला त्यांचा हात नुसता धावला. जाताना त्यांनी हेडक्लार्कचा हात दोन्ही हातांत धरला. एकोणीस वर्षांच्या साडूपणात असं पहिल्यांदाच झालं.

हेडक्लार्क त्या दिवशी घरी जाताना शीळ घालत होते.

*

तीन आठवड्यांनी मुख्य कार्यालयाचा लिफाफा आला. साहेबांनी हेडक्लार्कना समोर बसवून फोडला.

"तक्रार फेटाळली!" साहेबांनी वाचलं. "'सदर बाबीमध्ये काहीही घडत नाही याची प्रत्यक्ष खात्री करण्यात आली आहे. सबब ती सर्व समारंभांत चालू ठेवावी व तिचे संचालन विद्यमान हेडक्लार्क यांनीच करावे.' वा! नाव निघालं तुमचं."

"आणि दुसरा कागद, साहेब?"

साहेबांनी दुसरा कागद मनात वाचला. परत वाचला. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "अधीक्षकाची जागा भरली. बदलीने. विनंती बदली, बाराव्या अर्जावर मंजूर." त्यांनी कागद पुढे केला. "तुमचे साडू."

हेडक्लार्कनी त्या कागदावरची तारीख पाहिली. अर्जाची तारीख अभिलेख कक्षाच्या उद्घाटनानंतरच्या सोमवारची होती.

"माझं मन खात होतं म्हणून सांगतो," साहेब म्हणाले. "मीही मागितलं होतं त्या दिवशी. क्वार्टरचं छप्पर गळतं ते. परवा माणसं आली दुरुस्तीला, न बोलावता. त्या बाईंच्या मुलीचंही जमलं म्हणे. तुम्ही काही मागितलं नव्हतंत का?"

"शासकीय काम होतं, साहेब," हेडक्लार्क म्हणाले. "मी वेळ बघत होतो."

घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं. ती चिडली नाही, हेच वाईट. फोन वाजत होता. तिने नाव पाहिलं आणि तो उशीखाली सारला. "दोनदा," ती म्हणाली, "दोनदा सहा-सहा मिनिटं. बारा मिनिटं झाली. अख्खं गाव रांगेत, आणि खिडकीवर बसलेला माणूसच उपाशी."

नवे अधीक्षक सोमवारी रुजू झाले. साहेबांनी छोटेखानी स्वागत ठेवलं होतं. नमुना अकरा होताच. वरच्या मजल्यावरच्या हॉलमध्ये सगळी कचेरी जमली. साडू पहिल्या रांगेत, चेहऱ्यावर पुरेशा झोपेचं तेज.

"बाब क्रमांक तीन," हेडक्लार्क म्हणाले. "निरंक. सहा मिनिटं."

सगळे उठले, माना खाली गेल्या, डोळे मिटले. हेडक्लार्कनी घड्याळाकडे पाहिलं, समोर पाहिलं. मग त्यांनी घड्याळ मनगटावरून सोडलं, टेबलावर पालथं ठेवलं आणि स्वतःचे डोळे मिटले.

मागायची त्यांना सवय नव्हती. कसं सुरू करतात, हेच कळेना. म्हणून त्यांनी येत होतं त्या रीतीने सुरू केलं. वर उजवीकडे तारीख घातली. डावीकडे 'प्रति' लिहिलं आणि अडकले, कारण पुढे कुणाचं नाव लिहायचं हे परिपत्रकात दिलेलं नव्हतं. तीन पर्याय डोळ्यांपुढे आले. एकाचं लिहावं तर बाकीचे दोघे दीड महिना रुसतील. ती ओळ त्यांनी कोरी सोडली आणि खाली आले. विषय : अधीक्षक पदाबाबत. संदर्भ : एक, माझी सत्तावीस वर्षांची सेवा. दोन...

हॉलमध्ये कुणीतरी खोकलं. बऱ्याच वेळाने साहेबांनी डोळे न उघडताच कुजबुजत विचारलं, "अहो, झाली का सहा?" वेळ बघण्याचं काम ज्याचं, त्यानेच सांगायचं. आणि समाप्त म्हटल्याशिवाय डोळे उघडायचे नाहीत, हे एव्हाना सगळ्यांच्या अंगात इतकं मुरलं होतं, की खाली टेलिफोन वाजून वाजून बंद झाला, खिडकीवर लोक "कुणी आहे का?" म्हणून ओरडून थकले, शिपायाने आणलेला चहा निवला, तरी एकही पापणी हलली नाही. साडूंचे पाय भरून आले. ते आलटून पालटून एकेका पायावर उभे राहायला लागले, आणि पहिल्यांदाच त्यांना वाटलं, की दोन तासांचा प्रवास तसा काही वाईट नव्हता.

हेडक्लार्क तेव्हा कुठे सहपत्रांच्या यादीवर आले होते.